शाळा सुटल्यावरच्या केंद्रांचं राज्यभर जाळं: सुरुवात कुठून करायची?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मंठा तालुक्यात तीन गावांत तुमची संध्याकाळची केंद्रं चालतात, साडेपाच ते साडेसात, 90 च्या आसपास लेकरं येतात, आणि आता तुम्हाला अशा केंद्रांचं राज्यभर नेटवर्क उभं करायचंय, त्यात मुलांच्या मानसिक आरोग्याचं कामही घ्यायचंय, तर सुरुवात कुठून करावी. मी बीड आणि परभणीच्या गावांत हेच काम 19 वर्षं करतेय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी मलाच तुम्हाला एक विचारायचंय. राज्यभर कशाला? हे मी अडवायला म्हणून विचारत नाहीये. कारण याचं उत्तर ज्यांच्याकडे नसतं त्यांचं नेटवर्क म्हणजे एक लोगो, पुण्यात वर्षातून एक संमेलन आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप एवढ्यावरच थांबतं, मी अशी चार-पाच तरी बघितलीत. आपल्या मराठवाड्याकडे मात्र या प्रश्नाचं अगदी खरं उत्तर आहे. आपली लेकरंच राज्यभर जातात. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, तिकडं कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत, आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत येतात. तुमच्या रजिस्टरमधलं जे लेकरू सप्टेंबरमध्ये रोज येत होतं ते पाच-सहा महिने कुठल्यातरी साखर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत असतं, धाकट्या भावंडाला सांभाळत, नाहीतर उसाचे वाढे बांधत. मग तुमचं केंद्र कितीही चांगलं असलं तरी त्या लेकरासाठी ते अर्धंच वर्ष आहे.

हे मला कळलं ते एका मुलामुळे. सातवीत होता, वडील अचानक गेले आणि त्यानं बोलणंच सोडलं. आमच्या केंद्रातल्या ताईनं चार महिने काहीही जबरदस्ती न करता त्याला रोज शेजारी बसवलं, चित्रं काढू दिली, लगोरीत दगड रचायचं काम दिलं, आणि हळूहळू तो बोलायला लागला, एकदा तर वडिलांच्या बैलांच्या नावांवरून तासभर बोलला. मग दसरा आला, चुलत्यासोबत टोळीत गेला. एप्रिलमध्ये परत आला तेव्हा पुन्हा गप्प, आणि यावेळी ताईकडे बघतही नव्हता. तिकडं सहा महिन्यांत त्याच्याशी त्या विषयावर कुणी बोललं नव्हतं, कारण कुणाला काही माहीतच नव्हतं, कुणाचा दोष म्हणून नाही. त्या वर्षी मी ठरवलं की आपलं नेटवर्क म्हणजे दुसरं काही नाही, एक लेकरू एका माणसाच्या हातातून दुसऱ्या माणसाच्या हातात जाताना मधे पडू नये एवढ्यासाठीच. बाकी सगळं त्यातून आपोआप ठरत जातं, कुठं माणूस लागेल, त्याला काय शिकवायचं, पैसा कशावर जाईल, सगळंच.

म्हणून माझं पहिलं सांगणं, नकाशा जिल्ह्यांचा काढू नका, टोळ्यांच्या वाटेचा काढा. आम्ही काय करतो तर गणपती बसले की घरोघर जाऊन विचारतो, यंदा जाणार का, कोणता मुकादम, कोणता कारखाना, कोणाची टोळी, सोबत कोण जाणार, लेकरू इथं आजीकडे ठेवणार की नेणार. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात त्यामुळे कारखाना बहुतेकांना आधीच माहीत असतो. मुकादमाचा नंबर घ्यायचाच, त्याच्याशी वैर धरून चालत नाही, लेकरू कुठल्या तळावर आहे हे शेवटी त्यालाच माहीत असतं. दोन-तीन वर्षं असं लिहून काढलं की दिसतं की तुमच्या गावची माणसं त्याच त्या चार-पाच कारखान्यांवर जातात. म्हणजे तुम्हाला 36 जिल्ह्यांत माणसं नकोत, त्या चार-पाच कारखान्यांजवळ एकेक विश्वासाचा माणूस पाहिजे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मॅडम असतील, आशाताई असेल, एखादे रिटायर्ड गुरुजी असतील. आम्हाला सांगलीकडे एक शिवणकाम करणाऱ्या ताई मिळाल्या, त्यांचं घर तळाच्या समोरच होतं, त्यांनी फक्त एवढंच केलं की आठवड्यातून दोनदा संध्याकाळी आमच्या 11 लेकरांना अंगणात बसवून गोष्टी वाचल्या आणि काही वेगळं वाटलं तर आमच्या ताईला फोन केला. राज्यस्तरीय नेटवर्कचा पहिला खांब तो होता, त्याला कुठलंही उद्घाटन लागलं नाही.

लेकरू निघताना शाळा शिक्षण हमी कार्ड देते, ते मागून घ्याच, त्यामुळे तिकडच्या शाळेत बसवून घ्यायला अडचण येत नाही. पण त्या कार्डावर अभ्यास कुठवर आलाय ते असतं, मन कुठं आहे ते नसतं. म्हणून आमची ताई तिकडच्या माणसाला फोनवर चार वाक्यं सांगते, याला काय आवडतं, कशानं बिथरतो, कुणाचं नाव काढलं की शांत होतो, काय विचारू नये. कागदावर लिहून पाठवायचं नाही. का ते पुढे सांगते. आणि जे कुटुंब आजीकडे लेकरू ठेवायला तयार आहे तिथं हंगामी वसतिगृह चालू आहे का बघा, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात ती, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना पण आहे, तालुक्याला चौकशी करा. लेकरू मागं राहिलं म्हणजे सुटलं असं मात्र समजू नका, सहा महिने आईबाप नसलेलं घर असतं ते, तिथं दर आठवड्याला जायला लागतं.

आता मानसिक आरोग्याचं. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक केंद्राला एक कौन्सिलर नेमायचा विचार आहे. दादा, माणूसच मिळणार नाही. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी, त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. आपल्याला आधार आहे तो संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांचा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा, जो जिल्हा रुग्णालयातून चालतो. तिथले डॉक्टर चांगले असतात पण ओपीडीची रांग बघितलीय का? आणि गरज केवढी आहे बघा, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वयाच्या मुलांपैकी 7.3 टक्के मुलांना उपचार लागतील असा मानसिक त्रास दिसला होता. तुमच्या 90 लेकरांत त्या हिशोबानं सहा-सात. बाकीच्यांना डॉक्टर नको, ऐकून घेणारं माणूस पाहिजे.

ते माणूस म्हणजे तुमच्या केंद्रावरची बारावी झालेली ताईच. याला पुरावा पण आहे, बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांत सेहेर नावाचा प्रयोग झाला, 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात काही शाळांत हे काम शिक्षकांना दिलं आणि काही शाळांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या पण डॉक्टर नसलेल्या माणसांना. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही, या साध्या माणसांच्या शाळांत शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांची उदासी कमी झाली, मारामाऱ्या-छळ कमी झाला. मी यातून शिक्षकांना कमी लेखत नाहीये, त्यांच्यावर आधीच निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंत सगळं आहे, आणि जे सर मार्क देतात त्यांच्याजवळ मूल मन मोकळं करत नाही. पण म्हणूनच शाळा सुटल्यानंतरचे हे दोन तास सोन्यासारखे आहेत, तिथं मार्क नाहीत, हजेरीची भीती नाही.

ताईला काय शिकवायचं? मी आठ दिवसांची ट्रेनिंग द्यायचे आधी, मानसशास्त्राच्या व्याख्या, आजारांची नावं, आणि मग ताया घाबरून जायच्या, प्रत्येक मस्तीखोर लेकराला काहीतरी आजार आहे असं त्यांना वाटायला लागायचं. आता तीन दिवस, आणि त्यात चारच गोष्टी. बदल ओळखायचा, म्हणजे खेळणारं खेळेना झालं, जेवेना झालं, सारखं पोट दुखतं-डोकं दुखतं म्हणतं, हातावर जखमा लपवतं. ऐकायचं, मधे सल्ला द्यायचा नाही, "असं काय करतो, आईबापाकडं बघ जरा" हे तर अजिबातच नाही. गुपित कुठपर्यंत ठेवता येतं ते लेकराला आधीच सांगायचं. आणि आपल्याच्यानं होत नाही हे कधी ओळखायचं. व्याख्या शिकवण्यापेक्षा आम्ही एकमेकींना लेकरू करून बसवतो आणि दहा मिनिटं नुसतं ऐकायला लावतो, बघा करून, भल्याभल्यांना जमत नाही.

तिसऱ्या गोष्टीबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथं कायदा आहे. लेकरानं लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं, किंवा तसा संशय जरी आला, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. ताईनं एकटीनं पोलीस स्टेशनला जायचं नाही, तिला त्याच गावात राहायचंय, ही जबाबदारी नेटवर्कनं घ्यायची, वरच्या कार्यकर्तीनं सोबत जायचं, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला कळवायचं, जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलायचं. म्हणून लेकराला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीच द्यायचं नाही. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मोठ्या माणसाला सांगावं लागेल, पण तुला न सांगता मी काही करणार नाही" एवढं म्हणता येतं.

आणि मरणाचं बोलणं. आपल्या भागात शेतकरी आत्महत्यांची घरं आहेत, त्या घरातली लेकरं तुमच्या केंद्रात आहेतच, तुम्हाला माहीत असो की नसो. सगळ्यांना भीती वाटते की विचारलं तर लेकराच्या डोक्यात नको ते येईल. तसं होत नाही, उलट सरळ आणि मायेनं विचारलं की त्याचं ओझं कमी होतं, हे अभ्यासातूनही दिसलंय आणि मी डोळ्यांनी बघितलंय. "तुला कधी जगू नये असं वाटतं का" असं स्पष्ट विचारायला ताईला शिकवा. हो म्हणालं तर त्या रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही, घरच्या एका समंजस माणसाला सांगायचं, आणि फवारणीची औषधं घरातून हलवायची. हे शेवटचं लोकांना फार साधं वाटतं पण माझा सगळ्यात जास्त जोर यावर आहे. आपल्याकडे डबे खाटेखाली, दाराआड, कणगीमागं ठेवलेले असतात. रागाच्या, दुःखाच्या त्या घटकेला ते हाताशी नसणं यानं जीव वाचतात, श्रीलंकेनं सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या हे जगभर मान्य झालेलं आहे. आम्ही पालकसभेत दुसरं काही बोललो नाही तरी कुलूप लावायच्या पेटीचं बोलतोच, आणि चावी कोणाकडे ते विचारतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर पण केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि आईबापांना सांगा की पोलीस केस होईल म्हणून लपवू नका, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे ही सरकारची जबाबदारी आहे.

आता माझी चूक सांगते, तुम्ही करू नका म्हणून. काम वाढलं तसा मी एक मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप केला, 180 लोक, सगळे चांगलेच, शिक्षक, कार्यकर्ते, पत्रकार, एक-दोन अधिकारी. एका ताईनं रात्री घाबरून त्यात लिहिलं की अमुक गावची अमुक मुलगी असं असं म्हणतेय काय करू. नाव, गाव, सगळं. अर्ध्या तासात 40 जणांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले, कुणीही फोन केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते त्या मुलीच्या मामापर्यंत पोचलं होतं. मुलीचं शिक्षण तिथंच थांबलं. मी तिच्या घरी सहा वेळा गेले, तिनं मला भेटायला नकार दिला आणि तो तिचा हक्कच होता. त्या दिवसापासून आमच्याकडे लेकराचं नाव कुठल्याही ग्रुपवर जात नाही, कागदावर फक्त रजिस्टरचा नंबर असतो, आणि बोलणं एका माणसाचं एका माणसाशी, फोनवर. प्रत्येक ताईला एक ठरलेलं माणूस, ज्याचा फोन रात्री नऊला पण लागतोच. त्या माणसाला वर एक माणूस.

रचना काय ठेवावी, तर नवीन काही शोधू नका, बचत गटांकडे बघा, गट, मग ग्रामसंघ, मग प्रभागसंघ, गावातल्या बायांना ही पायरी पाठ आहे. तसंच आठ केंद्रांमागे एक सोबतीण, मी तिला सुपरवायजर म्हणत नाही, ती तपासायला जात नाही, ऐकायला जाते. दर पंधरा दिवसांनी आठही ताया एकत्र बसतात, नाव न घेता एकेक अवघड प्रसंग मांडतात, आणि महिन्यातून एकदा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातलं कुणीतरी फोनवर तासभर देतं. विचारा, देतात. ही बैठक मोडली की सहा महिन्यांत ताया काम सोडतात हे मी लिहून देते, कारण लेकरांचं ऐकून ऐकून त्यांच्याही मनावर साचतं, आणि त्यांच्या घरी पण तेच प्रश्न असतात.

अमेरिकेत पन्नासही राज्यांत शाळेनंतरच्या कार्यक्रमांची अशी राज्य नेटवर्क आहेत, मिशिगनमधल्या फ्लिंट गावच्या मॉट फाउंडेशननं त्यांना पाठबळ दिलं. त्यातलं मला घेण्यासारखं वाटतं ते एकच, ही नेटवर्क स्वतः केंद्रं चालवत नाहीत, ती ट्रेनिंग, दर्जा आणि सरकारशी बोलणं एवढंच बघतात, केंद्र ज्याचं त्याचंच राहतं. तिथं केंद्र सरकारचा पैसा राज्याच्या शिक्षण खात्यातून केंद्रांपर्यंत येतो, आपल्याकडे तसा ठरलेला पैसा नाही, त्यामुळे बाकीची नक्कल करता येत नाही. पण तुम्ही मंठ्यात बसून नांदेडच्या माणसाला त्याच्या केंद्रावर बोर्ड कोणता लावायचा हे सांगायला जाऊ नका, तिथंच भांडणं होतात.

पैशाचं थोडक्यात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो, ग्रामसभेत मागा, रक्कम लहान असते पण त्यानं केंद्र गावाचं होतं. गावात अनुदानित वाचनालय असेल तर जागा तिथलीच घ्या. बाहेरचे देणगीदार दप्तरं आणि टॅब द्यायला तयार असतात, तायांचं मानधन, रिचार्ज आणि एसटीचं भाडं द्यायला तयार नसतात. एसटीचं भाडं म्हणते कारण लेकराला आणि आईला जिल्ह्याला न्यायचं तर त्या दिवशीची मजुरी बुडते, पहिल्या खेपेला कसंबसं येतात, तिसऱ्या खेपेला येत नाहीत, आणि औषध अर्धवट सुटतं. आमची सोबतीण पहिल्या तीन खेपा सोबत जाते. घरचे आधी देवऋषीकडे किंवा दर्ग्यात जाऊन आलेले असतात, त्यांना हसायचं नाही, "तिकडंही जा आणि इकडंही या" एवढंच म्हणायचं. आणि "मानसिक" हा शब्द दारातच वापरला की दार बंद होतं, आमचं लेकरू येडं नाही म्हणतात. आम्ही "टेन्शन" म्हणतो, तो शब्द सगळ्यांना चालतो.

दोन गोष्टी घाईत सांगते. मुलींची हजेरी दिवाळीआधी आणि मग उन्हाळ्यात अचानक तुटली तर आजारपणाआधी लग्नाची चौकशी करा, एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी आणि बीडमध्ये 18 च्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण 40 टक्क्यांच्या वर होतं, आणि ऊसतोडीत एका कोयत्याला नवरा-बायको असं जोडपं लागतं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. दुसरं, तुमची दहावी झालेली मुलं नीटच्या क्लासला लातूर-नांदेडला जातील, खोलीत एकटी राहतील, मेसचं खातील, त्यांना यादीतून काढू नका. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत, क्लासेस धरून, प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे. पालकांनी प्रवेश घेतानाच तो कोण आहे, कुठं बसतो ते विचारायला शिकवा. आणि तुमच्या ताईनं रविवारी एक फोन करावा, मार्क विचारायचे नाहीत, जेवलास का ते विचारायचं.

मग सुरुवात कुठून, तर रजिस्टर काढा आणि 90 नावांसमोर लिहा, दसऱ्यानंतर हे लेकरू कुठं असेल. ज्यांच्यासमोर लिहिता येत नाही तिथं या आठवड्यात जाऊन या. केंद्रात पहिला अर्धा तास खेळ आणि मूठभर शेंगदाणे-गूळ ठेवा, अभ्यास नंतर, उपाशी लेकरू मनातलं बोलत नाही. तीन ताया ठरल्या की मला कळवा, आमची एक सोबतीण आहे, परतूरची माहेरवाशीण, ती तीन दिवस येऊन राहील, तिची राहायची सोय एखाद्या ताईच्याच घरी करा. आणि तुमची माणसं सांगली भागात जात असतील तर मला कारखान्याचं नाव आधी सांगा, त्या शिवणकामवाल्या ताईंना मी आजच विचारते.